अर्ध्या टनाचा हिशोब

जून २०२३ मध्ये बदली होऊन मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आले. पहिली ते आठवीची शाळा. माझ्याकडे सातवीचा वर्ग. हे प्रकरण त्या वर्गातल्या एका मुलीचं आहे. तिचं, तिच्या घरच्यांचं किंवा गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या पट्ट्यात अशी घरं वाडीवाडीत आहेत, नावावाचून काही अडत नाही. लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. त्या वर्षी मी त्या पोरीसाठी जे जे मायेपोटी केलं, त्यातलं बरंचसं चुकलं. आणि जे कामी आलं, त्याचा शाळेशी वरवर पाहता काही संबंधच नव्हता.

ज्यांना ऊसतोडीचं जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार हा सगळा बालाघाटाचा हलक्या जमिनीचा भाग. खरिपाचं एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात आणि माणसं साखर कारखान्यांकडे निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. एखादा दिवस उसाच्या फडात गेलं नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते, वर दंड बसतो. उचल जोडीलाच मिळते, म्हणून जोड्याही लवकर लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सातवीत बसलेली मुलगी दोन-तीन वर्षांत कुणाच्या तरी कोयत्याचा अर्धा भाग होऊ शकते, हे माझ्या सहकाऱ्यांना पाठ होतं. मी बागायती गावातून आले होते. मला ते पुस्तकातून माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं.

वर्गात दिसलेली मुलगी

पहिल्या महिनाभरात तिच्याबद्दल माझ्या वहीत तीन नोंदी आहेत. एक, तिसऱ्या तासाला झोपते. दोन, मधल्या सुट्टीत खिचडी पूर्ण खात नाही, अर्धी डब्यात भरते. तीन, तोंडी हिशोबात वर्गात सगळ्यात पुढे, पण तिसरीच्या पुस्तकातला परिच्छेद सलग वाचता येत नाही.

तिसरी नोंद मला फार विचित्र वाटली होती. सतरा दुणे चौतीस ती सहज सांगे, पण ‘क्षितिज’ शब्दाशी येऊन थांबे आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघे. नंतर कळलं की सहावीत ती जेमतेम चार महिने शाळेत होती. उरलेला काळ बापाने तोडलेल्या उसाच्या वजनाच्या पावत्या सांभाळत होती. कुठल्या खेपेला किती टन भरले, मुकादमाने किती मांडले, हे तिच्या डोक्यात असे. हिशोब तिला भुकेने शिकवला होता. वाचायला शिकवणारं तिथे कुणी नव्हतं.

जुलैमध्ये एकदा ती झोपली म्हणून मी तिला तासभर वर्गात उभं केलं. मारलं नाही, ओरडलेही नाही, तरी शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे आणि चाळीस पोरांसमोर झोपाळू म्हणून उभं राहणं हे त्या मुलीसाठी काय होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. ती रडली नाही. पाठीला भिंत लागणार नाही इतकी ताठ उभी राहिली.

मग मला वाईट वाटलं आणि मी पुढची चूक केली. तालुक्याच्या बाजारातून तिच्यासाठी दप्तर, एक फ्रॉक आणि पावसाळी चपला आणल्या आणि मधल्या सुट्टीत तिच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आली ती जुन्याच पिशवीत वह्या घालून. बरोबर आणलेली दुसरी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. त्यात दप्तर, फ्रॉक, चपला, सगळं जसंच्या तसं. ‘पप्पा म्हणले, कुणाला काय सांगितलंस का म्हून,’ एवढंच बोलली. मी तिला कपडे दिले होते, पण घरी त्याचा अर्थ असा झाला की पोरगी शाळेत जाऊन घरचं रडगाणं गाते. बापाने तिला दोन दिवस घरात बसवलं होतं.

तेव्हापासून मुलांना काही द्यायचं तर मी एकटीला देत नाही. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ध्यानात यायला अजून तीन महिने जायचे होते.

पहिली घरभेट

ऑगस्टमध्ये मी तिच्या घरी गेले. पत्र्याचं दीड खोलीचं घर, दारात एक शेळी. आई-बाप दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेले. घरात आजी, ती आणि तिचा अडीच वर्षांचा भाऊ. तो तिच्या कडेवरून उतरायलाच तयार नाही. डब्यातल्या खिचडीचा उलगडा तिथे झाला: ती त्याच्यासाठी नेत होती. झोपेचाही झाला. तो रात्री दोन-दोनदा उठायचा आणि थकून आलेल्या आईला उठवायचं नाही म्हणून हीच त्याला घेऊन ओट्यावर फिरायची.

आजीने मला पाणी दिलं. माठातून तांब्या भरला, पेल्यात ओतताना आपलं तर्जनीचं टोक पेल्याच्या आत धरलं आणि पाणी बोटाला लागल्यावर ओतायचं थांबवलं. मला ते किळसवाणं वाटलं. मी पेला ओठाला लावून खाली ठेवला. हे कबूल करायला जड जातं, पण लिहायला हवं, कारण त्या बोटात या प्रकरणाची सगळी किल्ली होती आणि ती माझ्या नाकासमोर धरलेली असताना मी दुसरीकडे बघत होते.

पाटी

त्या साली पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला सरकारने राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्याकडचे धारूर, वडवणी आणि अंबाजोगाई होते. पण त्याआधीच सोयाबीनच्या शेंगा पोचट निघाल्या होत्या आणि कधी नव्हे ते दोन एकरवालेही उचल घेऊन बसले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या वडिलांना शाळेत बोलावलं. तिसऱ्या निरोपाला ते आले. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्याशी उभे राहिले. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत.

मी पाचेक मिनिटं बोलले असेन. मुलगी हुशार आहे, हिशोब पक्का आहे, एक वर्ष सलग मिळालं तर वाचायलाही लागेल. तिला आजीजवळ ठेवा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं, तुम्हाला एक रुपया खर्च नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘मॅडम, पाटी हाय का? मी सांगतो, तुम्ही मांडा.’

मी पाटी घेतली.

‘उचल ऐंशी हजार. टनाला पावणेतीनशे. किती टन झालं?’

मी भागाकार केला. २९० टन आणि वर थोडे.

‘आम्ही दोघं दिसाला दोन टन तोडतो. किती दिस?’

१४५.

‘हंगाम तेवढाच चालतो. ह्यात ताप न्हाई, पाऊस न्हाई, खर्ची न्हाई.’ खर्ची म्हणजे दर पंधरा दिवसांनी मुकादमाकडून किराण्यासाठी मिळणारे पैसे, तेही शेवटी खात्यावरच चढतात. ‘आता पोरगी हितं ठिवली धरा. बारकं कुणी धरायचं? त्याची माय धरणार. तिनं लेकरू धरलं की दोन टनाचं दीड टन. मांडा.’

मी मांडलं. १९३ दिवस.

‘हंगामात १९३ दिस असतेत का?’

मी काही बोलले नाही. राहिलेलं अंगावर फिरतं, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच्या अटीवर जावं लागतं, हे त्यांनी समजावून सांगितलं, जसं आपण वर्गात हातचा समजावून सांगतो. आवाजात राग नव्हता. जाताना चपला पायात सरकवता सरकवता म्हणाले, ‘पोरगी शिकावी आसं मलाबी वाटतं, मॅडम. पर ते अर्धा टन कोण भरणार, तेवढं सांगा.’

दोन दिवसांनी ट्रक गेला. मुलगी कॅबिनच्या मागे सामानावर बसलेली, मांडीत भाऊ. मी तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं. त्यावर मूल कोणत्या इयत्तेत, कुठवर शिकलं हे लिहिलेलं असतं आणि ते दाखवलं की मुक्कामाच्या गावच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं असतं. कार्ड चांगली गोष्ट आहे. पण कार्डाला लेकरू धरता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. आपण शिक्षक पालकांशी बोलतो तेव्हा गृहीत धरतो की त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळलेलं नाही आणि ते आपण पटवून द्यायचं आहे. मला आजवर ऊसतोडीला जाणारा एकही बाप असा भेटला नाही ज्याला ते पटलेलं नव्हतं. त्यांना पटवण्याची गरज नसते. त्यांच्या अर्ध्या टनाला उत्तर हवं असतं, आणि आपण भाषण देतो.

कोपी

सांगली जिल्ह्यात ज्या गावी त्यांची टोळी उतरली होती, तिथल्या मुख्याध्यापकांशी मी फोनवर बोलले. भला माणूस. त्यांनी शिक्षकाला तोडकऱ्यांच्या अड्ड्यावर पाठवलंही, पण तोवर टोळी दुसऱ्या फडाजवळ हलली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझे यजमान कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला निघालो होतो, तेव्हा वाट वाकडी करून तिथे गेलो.

दुपारचे तीन वाजले असतील. उसाच्या वाळक्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या पंचवीस-तीस कोप्या. मोठी माणसं सगळी फडात. एका रिकाम्या बैलगाडीच्या सावलीत ती बसली होती, वाढ्यांच्या पेंढ्या बांधत. उसाचे हे हिरवे शेंडे जनावरांच्या चाऱ्यासाठी विकले जातात, तेवढेच वरचे चार पैसे. पातीच्या कडा धारदार असतात; तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक रेघा होत्या, काही ताज्या, काही खपली धरलेल्या. भाऊ जवळच मातीत खेळत होता. त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली आणि पट्टीचं दुसरं टोक गाडीच्या चाकाला. ट्रॅक्टर ये-जा करतात, तो पळून रस्त्यावर जाऊ नये म्हणून. गाठ सैल होती, नीट विचार करून मारलेली. त्याच्या पोटाला काचणार नाही आणि तो स्वतः सोडवूही शकणार नाही अशी.

मला बघून ती उठली, हात मागे घेतले. पहिलाच प्रश्न विचारला: ‘मॅडम, माझं किती खाडं झालं?’

मी म्हटलं, शाळेत खाडा नसतो. हजेरीवर तुझं नाव आहे, स्थलांतरित अशी नोंद केलीय, नाव कमी होणार नाही.

तिला ते खरं वाटलं नाही. ‘मग ते दिस भरून कवा काढायचं?’ असं तिने परत विचारलं. जिथे प्रत्येक चुकलेला दिवस कुणाच्या तरी वहीत चढतो अशा जगात वाढलेल्या पोरीला, शाळा तिच्यावर बाकी धरत नाही, हे कळायला मार्गच नव्हता. आणि जुलैत मी तिला तासभर उभं करून तसंच शिकवलंही होतं.

संध्याकाळी आई-बाप आले. आई चुलीपुढे बसली, परातीत पीठ घेतलं. पहाटे चारला निघालेली बाई. मी तिच्याशी शाळेबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. इकडचं तिकडचं बोललो, दूध, थंडी, पोराचा खोकला. आणि मग भाकरी थापता थापता मान वर न करता ती म्हणाली, ‘सासूला दिसत असतं तर दोघांनाबी तिच्यापशी ठिवलं असतं मी. पर तिला दिसतच न्हाई. गेल्या साली चुलीत हात घातला तिनं. तिच्याजवळ लेकरू कसं ठिवू?’

वडील पलीकडे कोयत्याला धार लावत होते. त्यांचा हात थांबला. ते काही बोलले नाहीत. आंधळी होत चाललेली आई गावात एकटी टाकून आलोय, शेजारणीच्या भाकरीवर, हे परक्या माणसासमोर निघणं त्यांना किती लागलं असेल ते त्या थांबलेल्या हातावरून कळलं. पाटीवर हिशोब सांगताना त्यांनी सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून.

आणि मला पेल्यातलं ते बोट आठवलं.

डोळा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. हे मला माहीत होतं, गावात सगळ्यांना माहीत होतं, आजीलाही माहीत असणार. पण तालुक्याला नेणार कोण, तिथे थांबणार कोण, घरी आणून चार वेळा थेंब घालणार कोण? लेक आणि सून सहा महिने बाहेर. उरलेले सहा महिने रोजंदारीवर, जिथे एक दिवस बुडला की एक दिवसाची भाकरी जाते. शस्त्रक्रिया फुकट होती, शस्त्रक्रियेचा दिवस फुकट नव्हता.

सुट्टी संपून शाळा भरल्यावर मी आजीकडे गेले. तिने साफ नाही म्हटलं. ‘आता कशाला? जायची येळ झाली माझी.’ मी बराच वेळ तिच्याच भल्याचं सांगत राहिले, आणि ते तिच्या एका कानातून जाऊन दुसऱ्यातून निघत राहिलं. शेवटी मी म्हटलं, ‘तुम्हाला दिसायला लागलं तर नात शाळेला घरी राहील. बारकंही राहील.’ ती गप्प झाली. मग उठून खुंटीवरचं धुतलेलं लुगडं चाचपत म्हणाली, ‘मंग चला की. आत्ताच निघायचं का?’

पहिल्या खेपेला रक्तदाब जास्त निघाला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन परत पाठवलं. आठवडाभर शेजारीण आणि मी आळीपाळीने गोळी देत होतो. दुसऱ्या खेपेला एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. एसटीत तोवर बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, येण्याजाण्याचा खर्च म्हणावा तर काहीच नाही. माझ्या दोन किरकोळ रजा गेल्या. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी परत येताना आपली गाडी आणली, धूळ लागायला नको म्हणून. घरी आठवडाभर डोळ्यात थेंब घालायचं काम शेजारणीने केलं. तिचं ऋण या प्रकरणात सगळ्यात मोठं आहे. तिची स्वतःची दोन पोरं त्याच ट्रकमधून गेलेली होती.

पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा आजीने पाणी दिलं. पेला बाहेरून धरला होता.

मुलीच्या वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग ते म्हणाले, ‘बरं.’ १८ डिसेंबरला, सोमवारी, ते दोन्ही लेकरांना घेऊन एसटीने आले. एक खाडा अंगावर घेऊन. आईचा डोळा बघितला, तिच्यासमोर बोटं धरून ‘किती?’ असं विचारलं, तिने बरोबर सांगितलं. त्याच रात्रीच्या गाडीने ते परत गेले.

पुढचे महिने

हंगामी वसतिगृहाला मंजुरी यायला त्या वर्षी डिसेंबर उजाडला होता. टोळ्या ऑक्टोबरात जातात, सोय डिसेंबरात येते. मधल्या दोन महिन्यांत पोरं ट्रकमध्ये बसून गेलेली असतात. हे दरवर्षी घडतं आणि दरवर्षी तेवढंच संतापजनक असतं. असो. मुलगी सकाळ-संध्याकाळ तिथे जेवू लागली. भाऊ पटावर नव्हता, त्याचं वय अंगणवाडीच्याही आधीचं. स्वयंपाकीण बाईंनी त्याची भाकरी दुधात कुस्करून द्यायला सुरुवात केली. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणीतरी विषय काढलाच, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, एका लेकराच्या अर्ध्या भाकरीचा ठराव मी लिहिणार नाही, आणि विषय संपला. अंगणवाडी सेविकेनेही त्याला सकाळी बसवून घेतलं. त्याच हिवाळ्यात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं होतं. ती त्यातला पिवळा भाग भावासाठी कागदात बांधायची. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

वाचनासाठी वेगळं फार काही केलं नाही. शाळा भरायच्या आधी अर्धा तास. बालभारतीच्या पुस्तकापाशी ती अडायची, म्हणून तिला ठाऊक असलेले शब्द घेतले: काटा, खेप, मोळी, वाढे, वजन, बाकी. वजनाच्या जुन्या पावत्या तिने घरून आणल्या, त्यावरची छापील अक्षरं तिने आधी कधी वाचलीच नव्हती, फक्त आकडे वाचले होते. कारखान्याचं नाव तिने पहिल्यांदा जोडून वाचलं तेव्हा ‘इथंच तर व्हतो आम्ही!’ असं ओरडली. मार्चपर्यंत ती चौथीचा धडा अडखळत का होईना, सलग वाचत होती. सातवीच्या पातळीला पोचली असं मी म्हणणार नाही. पोचली नाही.

पहिल्या तासाला ती कधी झोपली तर मी झोपू देत असे. भाऊ रात्री उठतच होता.

कारण त्याला आई हवी होती. हा भाग मी टाळू शकत नाही. रात्री आठच्या सुमाराला आई फोन करायची. सुरुवातीला तो मोबाइल गालाला घट्ट लावून बसायचा, बोलायचा नाही, फक्त लावून ठेवायचा. जानेवारीत तो फोनवर एखादा शब्द बोलून खेळायला पळू लागला. फेब्रुवारीत फोन वाजला तरी यायचा नाही. आई पलीकडून त्याच्या नावाने हाका मारायची आणि बहीण सांगायची, झोपलाय. तो समोर जागा असायचा.

‘सासूला दिसत असतं तर दोघांनाबी ठिवलं असतं’ हे आईचं वाक्य मी तिची संमती म्हणून घेतलं होतं. ती संमती होतीच. पण तीन वर्षांचंही न झालेलं लेकरू सोडून राहायचं म्हणजे काय, हे तिलाही ते बोलताना पुरतं उमगलं नसेल, आणि मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला मुलगी वर्गात हवी होती. एप्रिलमध्ये पाडव्याच्या आधी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ट्रक गावात आला. आई खाली उतरून पळत घराकडे आली आणि तो बहिणीच्या फ्रॉकमागे लपला. बहिणीने त्याला पुढे ढकललं, तर त्याने तिचा पाय धरला. आई तिथेच अंगणात मातीत बसली. ‘न्हाई वळखत,’ म्हणाली. मी तिथे होते. मी तेव्हा निघून यायला हवं होतं, पण पाय उचलेना.

एका सहकाऱ्याने मला हिवाळ्यातच विचारलं होतं: एकीसाठी एवढं केलंस, वर्गातली बाकीची नऊ गेली त्यांचं काय? त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरा प्रश्न होता. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. एवढंच सांगू शकते की आता जुलैमध्ये घरभेटीला जाते तेव्हा मी मुलांच्या अभ्यासाचं विचारत नाही. घरी रात्री कोण असतं, बारकं कोण धरतं, म्हातारं माणूस असेल तर त्याला दिसतं का, चालवतं का, हे विचारते. २०२४ च्या जुलैत अशा विचारण्यातून आणखी दोन घरी मोतीबिंदू निघाले आणि एका घरी आजोबांचा मोडून वाकडा बसलेला पाय. पायाचं काही झालं नाही. दोन डोळे दिवाळीच्या आत झाले.

दुसरी पाटी

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांत करार झाला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांनी मध्यस्थी केली, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनामागे २७३ रुपयांचे ३६६ झाले. बातमी वाचली तेव्हा मला त्या मुलीच्या वर्षाशी तिचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२४. मुलगी आठवीत. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज तिने स्वतःच्या हाताने भरला होता; निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. दिवाळी अजून यायची होती. एके दिवशी दुपारी तिची आई शाळेत आली, कडेवर पोरगा. एकटीच, मालकांना न आणता. ती वर्गाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, आवंदा बारकं मी नेणार हाय. पोरगी राहू द्या आजीपशी. पर मला ते पाटीवर बघायचंय.’

मी मुलीलाच पुढे बोलावलं. तिच्या हातात पाटी दिली.

‘उचल तेवढीच घेतलीय, ऐंशी हजार,’ आई म्हणाली. ‘टनाला तीनशे सहासष्ट धर.’

मुलीने भागाकार मांडला. ‘दोनशे अठरा. दोनशे एकोणीस धरू.’

‘आता दीडनं भाग. लेकरू धरून दीडच टन व्हईल माझ्याच्यानं.’

खडूचा आवाज येत होता. पोरगा आईच्या खांद्यावरून पाटीकडे बघत होता. मुलीने उत्तर लिहून पाटी आईकडे वळवली.

‘एकशे शेहेचाळीस.’

आईने ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं. ‘तवा एकशे पंचेचाळीस व्हतं ना? एक दिस जास्ती,’ ती म्हणाली. ‘तेवढं करू.’